वरातीमागून आगगाडी

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात वॉलहॅला नावाचं एक गाव आहे. या गावाला मागितलेलं सगळं मिळालं, पण वेळेवर कधीच मिळालं नाही. रेल्वे द्या, रेल्वे द्या म्हणून गावकरी वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लागले होते. ती आली १९१० साली, आणि १९१४ पर्यंत गावातल्या मोठ्या खाणी बंद. १८८८ च्या आगीत बाजारपेठेचा मोठा भाग जळून गेला. अग्निशमन केंद्र उभं राहिलं १९०१ मध्ये. आणि ग्रिडची वीज पोचली १९९८ च्या डिसेंबरात, ऐन नाताळाच्या तोंडावर. एके काळी ज्या घळीत अडीच-तीन हजार माणसं दाटीवाटीने राहत होती, तिथे बटण दाबायला तोवर वीसेक जण शिल्लक होते. 'बैल गेला नि झोपा केला' ही आपल्याकडे नुसती म्हण आहे. या गावाने तिचा विकास आराखडा केला.

आम्ही तिथे गेलो कसे, तर व्हिसामुळे. परदेशात लेकीकडे राहायला गेलेल्या आईबापांचं एक ठरलेलं वेळापत्रक असतं. आधी समुद्र, पेंग्विन आणि कांगारू. मग लेकीच्या मैत्रिणींच्या घरची जेवणं, त्यात प्रत्येकीकडे तोच पनीर. त्यानंतर स्थळं संपतात आणि व्हिसा उरतो. मग जावई रात्री लॅपटॉप उघडून बसतात. आमचे जावई एका शुक्रवारी म्हणाले, "बाबा, तुमचा सगळा जन्म सोन्यात गेला. चला, उद्या सोन्याचं गाव दाखवतो."

माझा जन्म सोन्यात गेला तो बार्शीच्या एका सहकारी बँकेत, सोनेतारणाच्या टेबलावर. लोकांच्या पाटल्या, बोरमाळा, एकदाण्या घ्यायच्या, सराफाने कस सांगितला की तोलायच्या, पाकिटात घालून लाखेचं सील मारायचं आणि माल विकून शेतकरी आला की त्याच्या हवाली करायच्या. आयुष्यात मणभर सोनं हाताखालून गेलं, पण बोटात आहे ती लग्नातलीच अंगठी, आणि ती सासऱ्यांनी घातलेली. पण जावयाचं बोलणं खोडून काढू नये. मी म्हटलं, चला.

हिने रात्रीच दशम्या केल्या. शेंगाची चटणी आम्ही बार्शीहूनच आणली होती. विमानतळावर ती एका अधिकाऱ्याने बराच वेळ न्याहाळली होती आणि शेवटी वासाला शरण जाऊन सोडून दिली होती. "तिथं खायला मिळेल ना, आई," असं लेक म्हणाली. ही म्हणाली, "मिळेल की. मिळेल म्हणूनच घेतलंय." या उत्तरातला तर्क आमच्या घरात कोणी तपासत नाही.

वॉलहॅला मेलबर्नच्या पूर्वेला, साधारण एकशे ऐंशी किलोमीटरवर. हमरस्ता लॅट्रोब खोऱ्यातून जातो. इथे जमिनीखाली तपकिरी कोळशाचे प्रचंड थर आहेत, आणि व्हिक्टोरिया राज्याला लागणारी बहुतेक वीज कित्येक दशकं या खोऱ्यातल्या औष्णिक केंद्रांनी पुरवली. त्यांची धुराडी गाडीतून दिसतात. त्या धुराड्यांपासून वॉलहॅला पन्नासेक किलोमीटर. म्हणजे मेलबर्नच्या ट्रामगाड्या आणि कपडे वाळवायची यंत्रं ज्या विजेवर चालत होती, ती वीज शेजारच्या डोंगरात जायला तयार नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर ग्रिडला सगळ्यांत शेवटी जोडलं गेलेलं गाव म्हणून वॉलहॅलाचं नाव घेतलं जातं. तोवर घरोघरी जनरेटर, गॅसचे दिवे आणि मेणबत्त्या. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण तो इतका मोजूनमापून मी पहिल्यांदाच पाहिला.

हे ऐकून मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. लेकीकडे आल्यापासून इथले रस्ते, इथली शिस्त, इथले नळ यांचं कौतुक ऐकून मान खाली गेली होती. ती वर आली. "आमच्या आळीत तर मी शाळेत असताना वीज होती," मी म्हणालो. ही मागच्या सीटवरून म्हणाली, "होती. येत नव्हती."

मो नावाच्या गावापाशी हमरस्ता सोडला की डोंगर सुरू होतात. एरिका नावाचं छोटं गाव लागतं, आणि मग रस्ता वळणांवर वळणं घेत जंगलात शिरतो. निलगिरीच्या जातीची सरळसोट झाडं, त्यांच्या सालींच्या लांबच लांब चिंध्या फांद्यांना लोंबणाऱ्या, आणि खाली घळीत माणसापेक्षा उंच नेचे. आपण नेचा पाहतो तो कुंडीत किंवा कोकणातल्या विहिरीच्या कडेला. इथे त्याला चक्क खोड आहे. नात म्हणाली, "आजोबा, डायनासोर यायचा इथे." मी म्हटलं, आता काही सांगता येत नाही, इथे सगळं उशिरा येतं.

गाव म्हणजे एक रस्ता आणि एक ओढा. दोन्ही बाजूंना डोंगर इतके अंगावर आलेले, की दुपारी सूर्य थोडा वेळ हजेरी लावून निघून जातो. ओढ्याचं नाव स्ट्रिंगर्स क्रीक. १८६२ च्या डिसेंबरात चौघे जण या रानात सोनं शोधत फिरत होते, त्यांत एडवर्ड स्ट्रिंगर नावाचा, शिक्षा भोगून सुटलेला एक कैदी होता. त्यांना या ओढ्यात सोनं दिसलं. पुढच्या जानेवारीत स्ट्रिंगरने दावा नोंदवला, आणि त्याच वर्षी तो वारला. ज्या शिरेतून पुढे टनावारी सोनं निघालं, ती कोहेन्स रीफ. म्हणजे शिरेला नाव भलत्याचंच. स्ट्रिंगरच्या वाट्याला आला ओढा. सुरुवातीला गावालाही त्याचंच नाव होतं, तेही पुढे एका खाणीवरून बदलून वॉलहॅला केलं. सोनेतारणात मी असे पुष्कळ पाहिले: दागिना घडवला एकीने, तारण ठेवला दुसऱ्याने, आणि सोडवून नेला तिसऱ्याने.

या गावाची खरी अडचण सोन्याची कधीच नव्हती, सपाट जागेची होती. सोलापूर जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला ही अडचण लवकर कळत नाही. आमच्याकडे पाऊस नसेल, पण सपाटी हवी तेवढी घ्या. इथे मात्र घर बांधायचं तर आधी डोंगर खणायचा, दगडांची भिंत रचायची, आणि मग त्या फळीवर घर मांडायचं. वरच्या घरातल्या बाईने पाणी फेकलं तर खालच्या घराच्या चिमणीत. अग्निशमन केंद्राची तर कमाल आहे. रस्त्याच्या कडेला जागाच नाही म्हणून ते ओढ्यावरच बांधलंय, ओढा खालून वाहतोय आणि इमारत दोन काठांवर पाय रोवून उभी आहे. बंबाखालीच पाणी. ही म्हणाली, "आगीला सोयीचं आहे, पण पुराचं काय?" जावयांनी तेवढ्यात फोटो काढायला सगळ्यांना ओळीत उभं केलं.

बँडस्टँड आहे, १८९६ सालचा, आठकोनी, छान रंगवलेला. गावात बँड होता, बिअरचे कारखाने होते, शाळा होती, चर्चं होती, 'वॉलहॅला क्रॉनिकल' नावाचं स्वतःचं वर्तमानपत्र होतं. हॉटेलं तर पावलापावलावर. त्यांतलं स्टार हॉटेल १९५१ साली जळालं. अग्निशमन केंद्र होऊन तेव्हा पन्नास वर्षं झाली होती. नंतर १९९९ साली तशाच तोंडवळ्याचं नवं स्टार हॉटेल बांधलं, विजेच्या मागोमाग. म्हणजे रस्त्यावर उभं राहून आपण जी जुनी इमारत पाहून हळहळतो, ती आमच्या लेकीपेक्षा वयाने लहान निघते.

बँडस्टँडच्या जवळच एक पाटी आहे. इथून 'ऑस्ट्रेलियन आल्प्स वॉकिंग ट्रॅक' सुरू होतो, आणि डोंगरांवरून चालत चालत साडेसहाशे किलोमीटरांवर, थेट कॅनबेराच्या परिसरात संपतो. पाठीवर घरदार घेतलेलं एक जोडपं तिथे बुटांच्या नाड्या आवळत होतं. हिने त्यांच्याकडे फार आदराने पाहिलं. आमच्या घरी आषाढी-कार्तिकी पायी करणारी माणसं झाली. चालणाऱ्याबद्दल हिला उपजत भक्ती.

"वाटेत मुक्कामाला गावं आहेत का?"

"नाही हो आई. जंगलच."

"जेवणाचं?"

"स्वतःचं स्वतः न्यायचं."

"आणि शेवटी काय आहे?"

"कॅनबेरा. राजधानी."

"म्हणजे एवढं चालून दर्शन कोणाचं? खासदारांचं?" हिने त्या जोडप्याकडे आता निराळ्या नजरेने पाहिलं आणि त्यांना एक दशमी देऊ केली. त्यांनी ती घेतली, चटणीसकट. नंतर बराच वेळ ते दोघे पाणी पीत होते.

क्रिकेटचं मैदान पाहायचंच, हा जावयांचा हट्ट. ऑस्ट्रेलियन माणूस आणि क्रिकेट, त्यात गावात हातभर सपाट जागा नाही. मग त्यांनी काय केलं? डोंगराचा माथाच कापून सपाट केला आणि त्यावर मैदान तयार केलं. खाली घळीत गाव, वर ढगात पीच. जायला पायवाट आहे, ती जंगलातून चढतच राहते. जुन्या काळी पाहुणा संघ घोडागाडीने यायचा आणि मग बॅटी-पॅडं घेऊन हा चढ चढायचा. यजमानांच्या पायाखालची वाट. पाहुणे वर पोचेपर्यंत त्यांचे फासफूस आवाज निघत असणार. नाणेफेकीआधीच सामना अर्धा जिंकलेला. पीच तयार करणं, स्पिनरला मदत करणं हे आपले उद्योग यापुढे किरकोळ वाटतात.

आमच्यातले जावई, लेक आणि नात वर गेले. मी पहिल्या वळणापर्यंत गेलो, तिथे एक बाक होता. तो बाक तिथे का ठेवला असावा याचा मी विचार करत बसलो, ही माझ्या पायजम्याकडे पाहत बसली. मी मुद्दाम पायजमा घालून गेलो होतो, लेकीचा विरोध पत्करून. "अहो, हालू नका," ही म्हणाली, आणि घोट्यापाशी चिकटलेली एक जळू तिने चटणीच्या डब्याचं झाकण उघडून, चिमूटभर चटणी टाकून पाडली. ऑस्ट्रेलियातल्या जळवेला हा अनुभव नवा असावा. ती पडली ती गोळा होऊनच. वर मैदान होतं, हिरवंगार होतं, आणि तिथे कोणीच नव्हतं, असं मंडळींनी खाली आल्यावर सांगितलं. जावयांनी एक चेंडू टाकला, नातीने तो मारला, आणि तो जंगलात गेला. सामना संपला.

दफनभूमीही अशीच उतारावर. इतका तीव्र उतार, की थडगी एकमेकांच्या खांद्यावर पाय दिल्यासारखी दिसतात. इथे माणसं उभी पुरलीत अशी एक थाप पर्यटकांना सांगतात; तसं काही नाही. मी दगडांवरची वयं वाचत गेलो आणि थोड्या वेळाने वाचायचं थांबवलं. चाळिशीच्या आतले खाणकामगार, छातीत दगडाची भुकटी गेलेले, आणि लहान मुलं. ही नुसतीच म्हणाली, "चला आता."

खाण मात्र सविस्तर पाहिली. 'लाँग टनेल एक्स्टेंडेड' ही इथल्या दोन मोठ्या खाणींतली एक. डोक्यावर पिवळी हेल्मेटं घालून सगळ्यांनी ओळीने बोगद्यात शिरायचं. आत बारमाही गारठा. बोगदा डोंगरात आडवा जातो, आणि बऱ्याच आत गेल्यावर एकदम मोठी गुहा लागते. ती निसर्गाने केलेली नाही, छिन्नी-हातोड्याने आणि दारूने केलेली आहे. तिथे वाफेची यंत्रं बसवली होती, खालच्या पातळ्यांवरून माणसं, दगड आणि पाणी ओढून काढायला. सपाट जागा बाहेर मिळेना, म्हणून या लोकांनी ती डोंगराच्या पोटात खोदून काढली.

आमची मार्गदर्शक एक उत्साही बाई होती. तिने विजेरी भिंतीवर टाकून एक पांढुरकी रेघ दाखवली. गारेचा दगड. सोनं या गारेच्या शिरेत दडलेलं असतं. सगळे जण पुढे सरकले. मीही चष्मा पुसून सरकलो; चाळीस वर्षांची सवय, सोनं म्हटलं की हात आपोआप भिंगाकडे जातो. काहीच दिसेना. मार्गदर्शक बाई हसून म्हणाल्या, दिसणार नाहीच, टनभर दगड फोडावा तेव्हा कुठे चिमूटभर निघायचं, आणि जिथे बरं होतं तिथलं त्यांनी नेलं. मग तो दगड बाहेर नेऊन लोखंडी मुसळांखाली कुटायचा, पीठ करायचं, पाण्याने धुवायचं, आणि पारा लावून त्यातलं सोनं पकडायचं. ही मुसळं वाफेवर चालायची, रात्रंदिवस, घळीभर आवाज. मी विचार केला, आमच्याकडे बायका पाटल्या पुढ्यात ठेवून 'घट किती धरणार, साहेब' असं भांडायच्या, त्यांना ही घट दाखवायला हवी होती.

"एकूण किती निघालं?" हिने विचारायला लावलं.

या एका खाणीतून तेरा पूर्णांक सात टन.

हिने डोळे मिटले. मला वाटलं दमली. पण ती हिशोब करत होती. "दहा ग्रॅमचा तोळा धरला तर तेरा लाख सत्तर हजार तोळे. चार तोळ्यांच्या जोडीप्रमाणे पाटल्यांचे तीन लाख बेचाळीस हजार जोड. वर दोन हजार तोळे उरले, त्यात घडणावळ बसवा." बोगद्यात शांतता पसरली. जावयांनी हे मार्गदर्शक बाईंना इंग्रजीत सांगितलं, पाटल्या म्हणजे काय ते हातवारे करून दाखवलं. त्यांनी हिच्या हातांकडे पाहिलं. तिथे काचेच्या बांगड्या होत्या. सोन्याच्या प्रवासात नको म्हणून बार्शीलाच, आमच्याच बँकेच्या लॉकरमध्ये ठेवल्या होत्या. सोन्याच्या गावाला जाताना बाईने सोनं घरी ठेवून यावं, याची त्या बाईंना काही संगती लागली नसावी.

मग खास प्रयोग झाला. "जुन्या काळी खाणकामगार कसे काम करत, ते अनुभवा," असं म्हणून बाईंनी सगळे दिवे घालवले. मिट्ट काळोख. डोळ्यांपुढे हात धरला तरी दिसेना. ऑस्ट्रेलियन मंडळींच्या तोंडून 'ओह', 'गॉश' असे उद्गार निघाले, एका पोराने रडायला सुरुवात केली. बाई या परिणामासाठी थांबल्या असतानाच आमच्या कोपऱ्यातून प्रकाश पडला. हिने पिशवीतून बॅटरी काढली होती. भारनियमनाच्या काळात पिशवीचा हा कप्पा ठरला, तो आजतागायत बदललेला नाही. बाईंनी नम्रपणे ती बंद करायची विनंती केली. ही माझ्या कानात म्हणाली, "एवढ्याला पैसे घेतात?"

बाहेर आल्यावर तिथल्या भिंतींवर लावलेले जुने फोटो पाहिले, आणि या गावात मला खरं थक्क करणारं काही असेल तर ते फोटो. त्यांत जंगल नाही. आज ज्या डोंगरांवर नजर शिरत नाही इतकं रान आहे, ते फोटोत बोडके आहेत. बॉयलरना लाकूड, बोगद्यांच्या टेकूंना लाकूड, घरांना लाकूड, चुलींना लाकूड. गावात सोन्याचा धूर निघायचा तो खरोखरच निघायचा, आणि त्यासाठी डोंगरच्या डोंगर भट्टीत गेले. जवळची झाडं संपल्यावर लांबून ट्रॅमवेने आणायची वेळ आली, लाकडाचा खर्च वाढत गेला, खाण खोल खोल गेली, आणि सोन्याचा भाव तर त्या काळी सरकारांनी बांधलेला, वाढायचं नावच नाही. आत येणारं बांधलेलं आणि बाहेर जाणारं मोकाट. हे गणित मी कर्जदारांच्या खात्यांत आयुष्यभर पाहिलंय, तेव्हा खाणी का बंद पडल्या हे मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. माणसं गेली, आणि रान परत आलं. एवढी एकच गोष्ट या गावात कोणी अर्ज न करता आली.

आता त्या आगगाडीकडे येतो. १९१० साली ती वाजतगाजत आली. गावाला वाटलं, आता माल स्वस्त येईल, लाकूड येईल, भरभराट होईल. चार वर्षांत खाणी बंद. मग आगगाडीला काम काय उरलं, तर गाव वाहून नेणं. लोकांनी घरं सुटी केली, फळ्यांवर खुणा केल्या, पत्रे दुमडले, आणि ज्या गाडीची इतकी वाट पाहिली तिच्यावरच लादून दुसऱ्या गावी नेली. वरातीमागून घोडे आले, आणि त्यांनी मांडव पाठीवर टाकून नेला. १९४४ साली वॉलहॅलापर्यंतची गाडीही थांबली. पुढे रूळ उखडले, पूल कुजले.

आणि मग, अर्थातच उशिरा, हौशी मंडळी आली. नव्वदीच्या दशकात त्यांनी स्वतःच्या हाताने रूळ टाकायला, पूल उभारायला सुरुवात केली, आणि २००२ साली गाडी पुन्हा वॉलहॅला स्टेशनात आणून उभी केली. आता ती ओढ्याच्या कडेकडेने, पुलांवरून, थॉमसन नदीपर्यंत जाते आणि परत येते. गाडी चालवणारे, तिकीट तपासणारे, फाटक सांभाळणारे, बहुतेक सगळे स्वयंसेवक. आणि त्यांतले बरेचसे माझ्या वयाचे! कोणी निवृत्त मास्तर, कोणी निवृत्त प्लंबर. अंगात वास्कीट, खिशात साखळीचं घड्याळ, तोंडात शिट्टी. आपल्याकडे निवृत्त माणसाला महानगरपालिका एक कट्टा बांधून देते, त्यावर नगरसेवकाचं नाव. या लोकांनी स्वतःला अख्खी रेल्वे करून घेतली. मी स्टेशनावर उभा राहून इतका हेवा आयुष्यात कोणाचा केला नाही, शाखाधिकाऱ्याचाही नाही.

गाडी सुटायला वेळ होता. मी फलाटाच्या टोकाला जाऊन रुळांकडे पाहिलं आणि चमकलो. ही रुंदी माझ्या ओळखीची होती. कुर्डुवाडीहून बार्शीला येणाऱ्या गाडीचे रूळ मी लहानपणी पावलांनी मोजलेत, त्यांवर दहा पैशांची नाणी ठेवून चपटी केलीत. स्टेशनमास्तर जवळच होते, पांढरी दाढी, पोटावर ताणलेलं वास्कीट. मी माझ्या मोजक्या इंग्रजीतलं एक वाक्य काढलं. "टू फीट सिक्स?"

"टू फीट सिक्स!" ते आनंदाने म्हणाले. अडीच फूट. "यू नो नॅरो गेज?"

"माय टाऊन. बार्शी."

इथे एक सांगायला हवं. मेलबर्नमध्ये मी बार्शी म्हटलं की मराठी माणसंसुद्धा 'म्हणजे सोलापूरजवळ ना?' एवढंच म्हणतात, तेही विचार करून. आणि या गोऱ्या म्हाताऱ्याने दोन्ही हात वर केले. "बार्सी! बार्सी लाईट रेल्वे! कॅलथ्रॉप!" मग त्यांनी मला जे सांगितलं ते जावयांनी भाषांतर करून पोचवलं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ साली बार्शीची ही लाईन सुरू केली, तिच्या डब्यांचं वजन चाकांवर सारखं वाटण्याची युक्ती काढली, आणि जगभरच्या नॅरोगेजवेड्यांना बार्शी म्हणजे तीर्थक्षेत्र आहे. ज्या गाडीच्या नावाने आमच्या तीन पिढ्यांनी बोटं मोडली, तिची माहिती मला जंगलातल्या एका स्टेशनावर, स्वयंसेवकाकडून मिळत होती. त्यांनी मला इंजिनांच्या चाकांची रचना विचारली. मी म्हटलं, काळं होतं. त्यांनी डब्यांचे कारखाने विचारले. मी म्हटलं, गर्दी फार असायची.

शेवटी त्यांनी डोळे मोठे करून विचारलं, "ती अजून चालते का?"

मी अभिमानाने सांगितलं, "नो, नो. नाऊ ब्रॉडगेज!" त्यासाठी किती मोर्चे निघाले, किती निवेदनं दिली, पहिली मोठी गाडी आली तेव्हा आम्ही इंजिनाला हार कसा घातला, पेढे कसे वाटले, हे सगळं मला सांगायचं होतं. पण त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि हळू आवाजात म्हणाले, "आय ॲम सो सॉरी."

आता यावर काय बोलणार? मीही मान खाली घातली. दोन मिनिटं आम्ही दोघे तसेच उभे होतो. मग त्यांना शिट्टी वाजवायची होती म्हणून ते गेले.

डब्यात ही खिडकीशी बसली होती, तिने सगळं लांबून पाहिलं होतं. मी बसल्यावर तिने पाण्याची बाटली पुढे केली.

"अहो, काय झालं? कोण गेलं?"

"आपली बार्शी लाईट."

"अगंबाई, तिला जाऊन पंधरा-वीस वर्षं झाली की," ही म्हणाली. "सुतक कधीच फिटलं. दशमी खाता का?"